बाबाबुडनच्या डोंगरात कॉफी तोडताना

आमच्या घरात कॉफी हे उपासाचं पेय. चतुर्थी, एकादशी, नाहीतर दुपारी अचानक आलेले पाहुणे, एवढ्याच निमित्तानं कॉफीचा डबा फळीवरून खाली यायचा. आई दूध उकळायला ठेवायची, त्यात साखर, चमचाभर पूड आणि वरून किसलेलं जायफळ. फिल्टरवाली मंडळी या पेयाला कॉफी म्हणतील की नाही, शंकाच आहे. आजी कॉफीच्या दाण्यांना 'बुंद' म्हणायची. पण हा बुंद कसल्या झाडाला लागतो, तो कोण तोडतं, असा प्रश्न आमच्या बेळगावच्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी आपल्याच राज्यात पिकते, हे भूगोलाच्या पुस्तकामुळे ठाऊक होतं, इतकंच.

आमच्या कॉलेजात कन्नड शिकवणारे माझे एक सहकारी मूळचे मलनाडचे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. मी मराठीवाला, ते कन्नडवाले. बाहेर काहीही चालू असो, आमचा डबा गेली बारा वर्षं एकत्र उघडतो. त्यांच्या थोरल्या भावाचा चिकमगळूरजवळ कॉफीचा मळा आहे, रासायनिक खत-औषध न वापरता केलेला. दर वर्षी ते गावाहून पूड आणतात आणि आम्ही ती विकत घेतो. दोन वर्षांपूर्वी भाव ऐकून मी म्हणालो, "सेंद्रिय म्हणून काय सोन्याची करता काय हो?" ते हसले. म्हणाले, "सर, एकदा तोडायला या. मग भाव तुम्हीच सांगा."

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, सौ., आठवीतली लेक आणि मी असे तिघे निघालो. सहकारी आधीच गावी गेले होते. रात्रीच्या बंगळूर गाडीनं पहाटे बीरूरला उतरलो. अंगात स्वेटर, हातात वाफाळता पेला, आणि समोर कडूरकडे जाणारी बस. कडूरचा मुलूख तसा कोरडाच. नाचणीची रानं, नारळाच्या बागा, मधूनच एखादं तळं. सखरायपट्टण मागे पडलं आणि समोर डोंगरांची एक निळी भिंत उभी राहिली. चंद्रकोरीसारखी वळलेली, म्हणून हिला चंद्रद्रोण म्हणतात. त्याच रांगेत मुळ्ळय्यनगिरी, सुमारे 1930 मीटर उंचीचं कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर.

कन्नड शाळेत शिकणाऱ्या लेकीनं बसमध्ये पाटी वाचली आणि नावाची फोड केली. चिक्क मगळ ऊरु, धाकट्या मुलीचं गाव. सखरायपट्टणच्या राजानं धाकट्या लेकीला आंदण दिलेलं, अशी तिथली कथा. थोरलीला दिलेलं हिरेमगळूर शेजारीच आहे. "मग मी एकुलती, मला दोन्ही गावं," असं जाहीर करून ती झोपी गेली.

मळा मल्लंदूरच्या बाजूला, मुत्तोडीच्या जंगलाकडे जाणाऱ्या अंगाला. पंचवीस एकरांचा. भारतातले बहुतेक कॉफीवाले असेच लहान शेतकरी आहेत. सिनेमात दिसणारे बंगलेवाले थोडे. रस्ता संपला तिथून जीपनं वर गेलो. मला वाटत होतं, चहाच्या मळ्यासारखं काहीतरी दिसेल, कातरून ठेवलेला हिरवा उतार. प्रत्यक्षात आम्ही जंगलात शिरलो. वर फणस, अत्ती म्हणजे आपला उंबर, नंदी, कितीतरी नावं न कळलेली उंच झाडं. त्यांच्या बुंध्यांवर मिऱ्याचे वेल. त्याखाली पांगाऱ्याच्या कुळातलं हालवाण. आणि या दुमजली सावलीच्या तळाशी, पुरुषभर उंचीची, गडद चकचकीत पानांची झुडपं. फांद्यांना चिकटून लाल, केशरी, पिवळी, हिरवी फळं, गोंड्यासारखी ओळीनं. हीच कॉफी.

सहकाऱ्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही तिघंही पहिल्या तासातच 'अण्णा' म्हणू लागलो, सत्तरीच्या आसपासचे. अण्णा, अक्का हे शब्द बरे. मराठीतून कन्नडात जाताना चप्पलसुद्धा काढावी लागत नाही. बाकी त्यांचं मलनाडी कन्नड मऊ, आमचं बेळगावी कन्नड खडबडीत. सौ.चं माहेर धारवाडचं, म्हणून तिचं त्यातल्या त्यात चाललं. मी बोललो की अण्णा जरा थांबून हसत.

सकाळी आठला तोडणी सुरू झाली. धुकं अजून झाडांत अडकलेलं होतं. कमरेला पिशवी बांधून पंधरा-वीस बाया आणि चार-पाच पुरुष ओळीनं उभे. आमच्याकडे सगळे जरा सावधपणे बघत होते. त्याचं कारण मागाहून कळलं. मळ्यावर देखरेख करणाऱ्या, वजनं लिहिणाऱ्या माणसाला तिथं 'रैटर' म्हणतात. माझ्या सहकाऱ्यांनी कौतुकानं सांगून ठेवलं होतं, 'आमचे सर रैटर आहेत, पेपरात लिहितात.' लोकांनी अर्थ असा घेतला की मालकांनी नवा रैटर नेमला.

अण्णांनी आम्हाला एकच नियम सांगितला. "हण्णु मात्र. कायी बेड." पिकलेलं तेवढंच, कच्चं नको. ऐकायला सोपं. पण एकाच घोसात चार फळं लाल, दोन केशरी आणि पाच हिरवी असतात. सगळा घोस मुठीत धरून ओरबाडला की काम झटपट होतं. इथं तसं चालत नाही. अंगठा आणि दोन बोटांत एक फळ धरायचं, किंचित पिळायचं, देठ फांदीवरच ठेवायचा. फांदी वाकवायची, पण मोडायची नाही, कारण पुढच्या वर्षीची फुलं तिच्याच पुढच्या भागावर यायची असतात. पिकलेलं फळ दाबलं की साल फुटून दोन बिया बाहेर सरकतात, बुळबुळीत. लेकीनं तोंडात टाकून पाहिलं. गोड लागतं, गर मात्र नावापुरता.

ऊसतोड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कोयता बसला की अख्खा ऊस आडवा. कॉफीचं तसं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा पाऊस पडतो, त्याला तिथं 'हू मळे' म्हणतात, फुलांचा पाऊस. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सगळा मळा मोगऱ्यासारखा पांढरा होतो आणि दोन-चार दिवसांत फुलं गळतातही. अरेबिका जातीचं फळ पिकायला मग आठ-नऊ महिने लागतात. पाऊस एकदाच पडला तर फुलं एकदम, नाहीतर दोन-तीन हप्त्यांत. त्यामुळे फळंही हप्त्यांनी पिकतात आणि एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. आधी तुरळक पिकलेली वेचायची फेरी, मग मुख्य तोडणीच्या एक-दोन फेऱ्या, मग उरलंसुरलं काढायची, आणि शेवटी जमिनीवर पडलेली फळं वेचायची. ती शेवटची फेरी लोक टाळतात. पण पडलेल्या फळांतच फळ पोखरणारा भुंगेरा पुढच्या हंगामापर्यंत दडून बसतो. औषध मारायचं नसेल, तर वाकून एकेक फळ उचलणं एवढाच उपाय.

माझ्या शेजारच्या ओळीत पस्तिशीची एक बाई होती. तिचे दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळ्या फांद्यांवर चालत होते आणि नजर तिसऱ्याच फांदीवर. मी एका झाडाशी झगडत असताना ती चार झाडं पुढं गेलेली असायची. तांबड्या मुंग्यांनी मला मनगटापर्यंत फोडून काढलं. ती मुंग्यांचं घरटं आधी हेरायची आणि त्या फांदीला शेवटी हात घालायची. दुपारी जेवणाला सगळे सावलीत बसले. बाकीच्यांच्या डब्यात भात. तिनं फडकं सोडलं, तर आत ज्वारीची कडक भाकरी, गुरेळाची चटणी आणि कांदा! सौ.नं कन्नडात विचारलं, "जोळा इथं मिळतो?" "गावाहून आणलाय अक्का," ती म्हणाली. "इथल्या भातानं पोट भरतं, जीव भरत नाही." म्हणजे आमच्याच उत्तरेकडची. या मळ्यांवर हंगामाला विजापूर, रायचूर, कोप्पळकडून माणसं येतात. अलीकडे आसाम-बंगालचीही येतात. स्थानिक हात फार कमी उरले.

आता मला सांगायला नको वाटतं ते सांगतो.

संध्याकाळी पाचला सगळे 'कणा'वर जमले. कण म्हणजे आपलं खळं, फरसबंद अंगण. प्रत्येकानं आपली पिशवी ताडपत्रीवर ओतायची, कच्ची फळं वेगळी करायची आणि मग वजन. आमचा ढीग आणि त्या बाईचा ढीग लागूनच होते, कडेला थोडे मिसळलेले. अण्णांनी वाकून मूठभर हिरवी फळं उचलली आणि विचारलं, "यारदु इदु?" मी गडबडलो. आणि सौ.च्या कानाशी, पण फार हळू नाही, मराठीत म्हणालो, "आपली नसणार ही. वजन वाढवायला घालतात ही माणसं हिरवी."

ती बाई खाली बसून फळं निवडत होती. मान वर न करता ती मराठीत म्हणाली, "न्हाई सर. ती तुमच्या पिशवीतली हायेत. माझी ही बघा."

तिचा ढीग एकसारखा लाल होता. माझ्या ढिगात चौथा हिस्सा हिरवा. त्यात शंकेला जागाच नव्हती. अण्णांना मराठी कळत नव्हतं, त्यामुळे काय घडलं ते आमच्या चौघांतच राहिलं. सौ. काही न बोलता खाली बसली आणि आमची फळं निवडू लागली. लेक माझ्याकडे बघत होती. मी बघण्यासारखं काही उरलेलं नाही असं बघून वजनकाट्याकडे वळलो. तिची भरली 54 किलो. आम्हा तिघांची मिळून, हिरवी काढून, 19.

सीमाभागात जन्म काढलेला माणूस मी. दोन भाषा येतात याचा तोरा मिरवतो. कन्नड मुलखात आपली मराठी ही खासगी खोली आहे, तिथं काहीही बोलावं, असं समजून चाललो होतो. बाहेरच्या पाहुण्यांनी आपल्यासमोर आपल्याबद्दल भलत्या भाषेत बोललेलं आपल्याला किती झोंबतं! पण शब्द कळले हा योगायोग झाला. तिला मराठी येत नसती, तरी मी बोललो ते खोटंच होतं.

रात्री पल्पर सुरू झाला. तोडलेली फळं त्याच दिवशी सोलावी लागतात, नाहीतर आंबतात. आधी पाण्याच्या हौदात सोडतात. पोकळ, किडकी फळं वर तरंगतात, ती काढून टाकतात. यंत्र साल वेगळी करतं आणि बुळबुळीत बिया दुसऱ्या हौदात पडतात. तिथं त्या आंबायला ठेवायच्या, थंडीत दीड दिवससुद्धा. चिकटपणा गेला की नाही, हे अण्णा हात घालून ओळखतात. मूठ चोळली आणि वाळूखडीसारखी करकर झाली की धुवायला घ्यायचं. मग कणावर पसरून आठवडाभर ऊन दाखवायचं, दिवसातून कितीतरी वेळा फिरवायचं. सालीचा चोथा आणि धुण्याचं पाणी ओढ्यात सोडलं तर ओढा मरतो, म्हणून पाण्यासाठी वेगळे खड्डे आहेत आणि साल शेणाबरोबर खतात जाते.

अण्णांशी खरं बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यांच्या वडिलांच्या काळात कॉफी बोर्डाला सगळं पीक द्यावं लागे. 1942 च्या कायद्यानं ही पद्धत घातली होती, ती नव्वदच्या दशकात उठली. बाजार मोकळा झाला आणि 2001-02 च्या सुमारास जगभर भाव कोसळले. खत-औषधाची बिलं भागेनात. खोडकिड्यासाठी तेव्हा लिंडेन बुंध्याला फासत. 2013 पासून भारतात त्याच्या वापरावर बंदी आहे, पण अण्णांनी ते आधीच सोडलं होतं. "सुरुवात तत्त्वासाठी केली नाही," ते मोकळेपणानं म्हणाले. "पैसे नव्हते म्हणून केली. नंतर पटत गेली." शिक्का मिळायला आधी तीन वर्षं मळा तसाच राखावा लागतो, ती वर्षं फार कठीण गेली.

खोडकिडा म्हणजे अरेबिकाचा काळच. पांढऱ्या पट्ट्यांचा बारीक भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो, अळी खोड पोखरते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. त्याला ऊन आवडतं, म्हणून दाट सावली हाच पहिला बंदोबस्त. दुसरा बंदोबस्त म्हणजे काथ्याचे हातमोजे घालून एकेका झाडाची साल घासून गुळगुळीत करायची, अंड्यांना भेग मिळू नये म्हणून. तिसरा, लागण झालेलं झाड उपटून जाळायचं. तांबेऱ्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, तेही मर्यादेत, सेंद्रिय शेतीत चालतं. अण्णांकडे जास्त करून एस. 795 ही जात आहे, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रानं 1940 च्या दशकात दिलेली. ते केंद्र 1925 पासूनचं. "खर्च कमी नाही झाला," अण्णा म्हणाले. "दुकानदाराला द्यायचे ते पैसे मजुराला देतो, इतकाच फरक."

मग त्यांनी काळजीची गोष्ट सांगितली. 2024 आणि 2025 मध्ये कॉफीचे भाव पूर्वी कधी नव्हते इतके चढले. म्हणजे अण्णांचा फायदाच की! पण साध्या कॉफीलाच एवढा भाव मिळू लागल्यावर सेंद्रियच्या शिक्क्याला मिळणारे चार पैसे नगण्य झाले. शेजारच्या मळ्यात खत घालून एकरी जास्त पीक निघतं. बंगळूरला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, जुनी झाडं काढा, सिल्व्हर ओक लावा, खालच्या अंगाला रोबस्टा घ्या, तिला कीडही कमी आणि मजूरही कमी. त्याचंही खोटं नाही. हप्त्या-हप्त्यानं तोडायचं तर माणसं हवीत, आणि माणसं मिळत नाहीत. पिकलेलं तेवढंच तोडायला सांगायचं, तर किलोवर मजुरी देणं अन्याय होतो. म्हणून अण्णा पहिल्या आणि शेवटच्या फेरीला दिवसाचा पगार देतात आणि मधल्या भरात किलोवर. रैटरला हा हिशेब पसंत नाही.

"मग करणार काय?" मी विचारलं.

"भाव उतरेल तेव्हा माझं कर्ज कमी असेल," ते म्हणाले. "एवढं मला माहीत आहे. पुढचं मुलाचं तो बघेल. पण ही वरची झाडं माझ्या आजोबांनी ठेवलीत. एकदा तोडली की मुलाचं मन बदललं तरी ती परत येणार नाहीत." त्यांनी वर बघितलं. एका फणसावर मिऱ्याचा वेल चाळीस फुटांपर्यंत गेला होता. उत्तर पुरं झालं नव्हतं, त्यांनाही ते माहीत होतं.

त्या सकाळी मी मुद्दामच त्या बाईच्या शेजारची ओळ घेतली होती. रात्रभर माफीची वाक्यं जुळवली होती आणि मराठी शिकवण्यात वीस वर्षं घालवूनही एक धड जमलं नव्हतं. पहिली पिशवी अर्धी भरल्यावर ती तिच्यापुढं धरली आणि म्हणालो, "बघा बरं, जमतंय का." तिनं हात घालून तळापर्यंत चाळलं, दोनच हिरवी काढली. "आता जमलं."

"काल माझं चुकलं."

"चुकतंय की," ती म्हणाली. "पहिल्या साली माझंबी निम्मं हिरवंच यायचं." मी फळांबद्दल बोलत नव्हतो, हे तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

मग बोलणं सुरू झालं. माहेर जतच्या बाजूचं, घरी मराठी. सासर विजापूर जिल्ह्यात, तिथं सगळं कन्नड. आधी नवरा-बायको कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जात. "उसाला आख्खं बिऱ्हाड न्यावं लागतंय, पोरीची शाळा बुडती. हितं लायनीत खोली हाय, खोलीला दार हाय." मुलगी आता गावी आजीपाशी. तिनं माझ्या लेकीला विचारलं, "कितवीत हाईस गं?" "आठवीत." "माझीबी आठवीत." एवढं बोलून ती पुढच्या झाडाकडे वळली. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचे हात क्षणभर थांबलेले दिसले. सौ.ला मात्र ती आता अक्काच्या ऐवजी वैनी म्हणू लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. डिसेंबरातला पाऊस म्हणजे कॉफीवाल्याचं दुखणं. झाडावरची पिकली फळं फुटून गळतात आणि कणावरची वाळत आलेली कॉफी भिजली तर बुरशी धरते, वर्षाची चव जाते. अण्णांनी हाक दिली आणि डोंगरभर विखुरलेले सगळे खळ्याकडे धावले. फावडी, फळ्या, झाडू, हाताला लागेल त्यानं लोक कॉफी ओढत होते. ढीग करायचा, ताडपत्री घालायची, कडेला दगड ठेवायचे. माझी लेक आणि ती बाई एका ताडपत्रीची दोन टोकं धरून पळताना दिसल्या. अण्णा, रैटर, सहकारी, सौ., मी, कोण मालक नि कोण पाहुणा हे वीस मिनिटं कुणाला ठाऊक नव्हतं. पाऊस दहा मिनिटं पडला आणि गेला. एक कोपरा भिजला होता. अण्णा तिथं बसून ओले दाणे हातानं वेगळे करू लागले, तर चार बाया न सांगता शेजारी येऊन बसल्या.

निघायच्या दिवशी बाबाबुडनगिरीवर जाऊन आलो. सतराव्या शतकात बाबाबुडन नावाचे सूफी फकीर हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि या डोंगरात पेरल्या, अशी परंपरागत कथा आहे. तिकडून पेरता येण्याजोगं बी बाहेर नेऊ देत नसत, म्हणून लपवून आणलं म्हणतात. गुहेतल्या या स्थानाला दत्तपीठ म्हणूनही मानतात. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर करणाऱ्या आमच्यासारख्या घरांना तेही जवळचं. स्थानावरून वाद झाले, कोर्टापर्यंत गेले. आम्ही हात जोडले आणि बाहेर येऊन उतार बघत बसलो. खाली जिथवर नजर जाईल तिथवर सावली, आणि सावलीखाली कॉफी. सातच्या सात बिया खऱ्या असोत वा नसोत, कुणीतरी मुठीत धरून जपून आणल्याशिवाय हे झाड इथं आलेलं नाही, एवढं नक्की.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्यानंतर. कडूरपर्यंत रेल्वे सोयीची. 2013 पासून तिथून चिकमगळूरलाही रेल्वे जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मुंग्यांसाठी सहनशक्ती सोबत असावी. ओळखीनं गेलात तर मजुरांच्या वेळेला जा, मजुरांच्या वेळेला जेवा. फोटोपुरती पिशवी बांधणार असाल तर त्यांच्या ओळीत मध्ये येऊ नका. त्यांचा दिवस किलोवर मोजला जात असतो.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. सहा किलो फळांतून एक किलो हिरवे दाणे निघतात, आणि भाजल्यावर त्यातही घट होते. म्हणजे आम्हा तिघांच्या पहिल्या दिवसाच्या 19 किलोंची पूड जेमतेम अडीच किलो. एका कपाला दहा ग्रॅम पूड धरली, तर चाळीसेक फळं. चाळीस वेळा कुणीतरी थांबून बघितलेलं असतं, पिकलंय की नाही. सेंद्रिय या शब्दाचा अर्थ पाकिटावरच्या शिक्क्यात शोधत होतो. मला तो या बघण्यात सापडला. औषधाऐवजी नजर आणि यंत्राऐवजी बोटं. आणि ती बोटं कुणाची, हे पाकिटावर कधीच लिहिलेलं नसतं.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं. पहिल्याच दिवशी सहकाऱ्यांनी पुडा टेबलावर ठेवला आणि डोळे मिचकावत विचारलं, "हं सर, आता भाव सांगा."

मला सांगता आला नाही. ते म्हणाले तेवढे पैसे दिले. संध्याकाळी घरी दूध उकळायला ठेवलं. आई आता थकली आहे, ओट्याशी खुर्ची टाकून बसते. तिनं जायफळ पुढं केलं. लेक म्हणाली, "आजी, आज नको. आज नुसती कॉफी बघूया." आईनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग दुसरा घेतला. म्हणाली, "कडू आहे. पण खरी आहे."

लेकीनं वहीतल्या कागदावर एक पत्र लिहून ठेवलं आहे. आठवीतल्याच एका मुलीला, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. पत्ता नाही. पुढच्या डिसेंबरात आम्ही ते हातानंच पोचवणार आहोत.